टोपीतला ट

जुगाय आत्याची मराठी आधी गेली,
मग हिंदी.
डॉक्टर म्हणाला, लकव्याचा झटका तसा छोटाच होता.
धारणीच्या बाजारात तीस वर्षं
याच दोन भाषांत तिने टोपल्या विकल्या.
आता पाणीसुद्धा मागते ते कोरकूत.
मला कोरकू येत नाही.

बाबाला येते.
बाबा अंगणात बाज विणतो
आणि ऐकू न आल्यासारखं करतो.

त्याचं असं आहे:
आश्रमशाळेत कोरकूच्या एका शब्दाला
मैदानाची एक फेरी होती.
तो झोपेतही बोलायचा.
पोरं मोजून ठेवायची,
सकाळी हिशेब व्हायचा.
सातवीत त्याला अमरावतीला धावायला नेलं,
जिल्ह्यात पहिला आला.
कप अजून फळीवर आहे,
आई त्यात सुया अन् बटणं ठेवते.
मी शाळेत सगळ्यांना सांगायची,
माझा बाप काय धावतो!
कशामुळे, ते कधी विचारलं नाही.

म्हणून वही मीच काढली.
दा म्हणजे पाणी.
जोम म्हणजे जेवणं.
उरा म्हणजे घर.
या तीन शब्दांवर मी आठवडा काढला.
दिवसातून दहादा आत्याला विचारायची, दा? जोम?
आणि पोट भरलेलं असलं तरी
ती मान हलवायची,
माझा शब्द वाया जाऊ नये म्हणून.

चौथा शब्द कुत्रा.
दारात एक झिपरं येऊन बसलं होतं.
मी बोट दाखवून मोठ्याने म्हटलं,
"सीता!"
समोरच्या ओळीतून अंगणवाडीच्या सीताताईंनी
सूप खाली ठेवलं.
"काय वं?"

आत्या हसली.
अर्ध्याच तोंडाने, पण सगळी हसली,
डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आणि अंगणातून,
सुतळी दातात धरून, बाबा म्हणाला,
"ट. टोपीतला ट. सिटा.
जीभ लाव ना जराशी वर,
काई झिजत नाई ते."

म्हणाला आणि थांबला.
एकदा मागे वळून पाहिलं त्याने.
मागे तुरीच्या काड्यांचं कुंपण होतं,
त्यावर वाळत घातलेली माझी ओढणी.
शिट्टी कुणी वाजवली नाही.

मग आत्या काहीतरी बोलली, लांबलचक.
बाबा एका शब्दात बोलला.
ती परत. तो दोन शब्दांत.
दिवेलागणीला दोघं भांडत होती.
मला त्यातलं एवढंच लागलं: सिम, कोंबडी,
आणि पुन्हा सिम.
पन्नास वर्षांपूर्वी कुणाची तरी कोंबडी
कुणीतरी खाल्ली होती
आणि त्याचा निकाल लागायचा राहिला होता.

रात्री बाजेच्या कडेला मी वही घेऊन बसले.
जिभेला काय म्हणतात?
"लांग."
आणि आपण?
"किती जणं?"
म्हणजे?
"किती जणं ते सांग आधी. कोरकू मोजून बोलते."
आपण दोघं. तू अन् मी.
"आलांग."

मी दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले.
मधे फक्त आ आहे,
डॉक्टर जीभ बघताना म्हणायला लावतो तो.
बाबाला दाखवलं.
त्याला अक्षरं दिसत नव्हती, चष्मा आत होता,
तरी वही बराच वेळ हातात धरून बसला.

आतून आत्या खाकरली.
मी म्हटलं, अन् आत्याला धरून?
"तिघं झालो की शब्द बदलते.
तो उद्या."
मग चप्पल शोधत उठला.
"जाय, तिले दा दे."