डोळे बांधून

लष्करात, दौलतगंजच्या माडीवर
भार्गवदादा पाटावर बसे, पाय ताणून,
डोळ्यांवर बाबांचं उपरणं.
परीक्षक मी, वय अकरा.

थ्रॉटल? डावीकडे, पळी.
चाकं? अडकित्ता.
उंची? समोर, उपडी वाटी.
पेट्रोलची कळ?
इथे हात दर वेळी चुके,
चार बोटं अलीकडे.
‘मेलास,’ मी म्हणे.
‘पुन्हा विचार.’
अंबाल्याच्या मास्तरांनी बजावलं होतं:
आंधळ्यानं जमेल, त्यालाच हरिकेन.

रजा संपली. अडकित्ता पानदानात परत गेला.
स्क्वाड्रनमधून एकच कार्ड:
‘कळ सापडते आता, कुसे.’

वीज गेली की अजून
काडेपेटीआधी माझा डावा हात
गुडघ्यापाशी जातो,
चार बोटं पलीकडे,
आणि अंधारात काहीतरी फिरवतो.