पिण्याच्या पाण्यासाठी नव्हे

मॅलकी गॅफनीने बेसिनचं काम संपवलं,
हात पुसले, आणि उरलेला पाइपचा तुकडा
ओट्यावर ठेवून विचारलं,
"टाकू, की वाजवशील?"

मला वाटलं थट्टा.
पण शनिवारी तो तुकडा परत आला:
सहा भोकं बोटांसाठी, एक ओठांसाठी,
एका टोकाला वाइनच्या बाटलीचं बूच ठोकलेलं,
कडा बायकोच्या नेलफाइलने घासलेल्या, तिला न विचारता.
अंगावर निळी अक्षरं तशीच:
पिण्याच्या पाण्यासाठी नव्हे.
पैसे किती, म्हटलं.
म्हणाला, पाइप तुझाच. बाटलीचे तेवढे दे.

मी शाळेची बस चालवते.
नऊला एकवीस पोरं उतरतात, अडीचला पुन्हा चढतात.
मधला वेळ लॉख ॲलनच्या काठी उभा असतो
इंजिन बंद करून.
तिथे शिकले. शिकले म्हणजे,
पहिले नऊ दिवस नुसती हवा.
दहाव्या दिवशी एक सूर निघाला
आणि मी दचकून मागे पाहिलं,
एखादं पोर सीटवर झोपून राहिलं की काय.

खालचा सूर मात्र घोगरा, पडसं झाल्यासारखा.
मी म्हणायची, प्लास्टिक.
रीलमध्ये बोट अडखळायचं. प्लास्टिक.
जिगमध्ये श्वास भलत्या जागी संपायचा,
तेही प्लास्टिकच.
रात्री मी काळ्या लाकडाच्या बासऱ्यांची चित्रं पाहायची.
चांदीच्या कड्या, मखमलीची पेटी,
किंमत: बसचे सहाही टायर
आणि वर विम्याचा एक हप्ता.

गुरुवारी मॅकनिफच्या पबमध्ये सगळे जमतात.
मी दाराजवळच्या स्टुलावर,
पाइप कोटाच्या बाहीत.
बाहेर काढायचा धीर तीन महिने झाला नाही.

त्या रात्री कॉनल मॅकपार्टलनची बासरी चिरली.
वय त्र्याऐंशी त्याचं; तिचं कुणालाच माहीत नाही.
शेकोटीजवळ ठेवली होती,
आवाज एवढासाच, अक्रोड फुटल्यासारखा.
कुणी काही बोललं नाही.
फिडलवाल्या डिंफ्नाने गज मांडीवर ठेवला.
मग कॉनल माझ्याकडे न बघता म्हणाला,
"ती बाहीतली दे इकडे."

दिली. काय करणार?
त्याने ती स्वेटरला पुसली,
चष्मा कपाळावरून खाली ओढून अक्षरं वाचली,
"पाण्यासाठी नाही ना? मग ठीक आहे,"
म्हणाला, व्हिस्कीचा घोट घेतला
आणि ओठाला लावली.

पहिली रील कुठली होती, सांगता येणार नाही.
मी त्या खालच्या सुराची वाट पाहत होते.
तो आला.
गोठ्यात गाय हंबरावी तसा,
भरलेला, उबदार,
आणि टेबलावरच्या ग्लासांना
किंचित कंप सुटला.
माझाच पाइप. माझ्या बेसिनखालचा.

परत देताना कॉनल एवढंच बोलला,
"तिसरं भोक जरा लांब पडलंय.
मॅलकीचा हातच मोठा."

म्हणजे इतके दिवस ज्याला वाकडं म्हणत होते ते अंगण
एका जवाएवढंच वाकडं निघालं.
बाकी सगळी मी.

सकाळी गॅफनींच्या शेजारचा सेनन
बसमध्ये चढताना ती पाहून थबकला.
"हे आमच्या बाथरूममधलं आहे का?"
"तुमच्या नाही, आमच्या," म्हटलं. "बस खाली."

नऊ वाजून दहा मिनिटं.
तळ्यावर धुकं, पलीकडचा काठ दिसत नव्हता.
तिसरं बोट ताणलं, आणखी थोडं ताणलं,
खालचा सूर फुंकला.
घोगराच.
पुन्हा फुंकला.
पाइपच्या टोकाशी माझ्या श्वासाचं पाणी जमलं,
लोंबलं,
आणि ब्रेकच्या पेडलवर पडलं.