ठसा

मेढ्याच्या पुढे डांबर संपतं.
तिथून कारवीतून वर, दीड तास पायी.
खांद्यावर कागदांची नळी, पिशवीत स्पंज,
राठ केसांचा ब्रश, काजळीची डबी
आणि ऑफिसचं पत्र,
ज्यात गावाचं नावसुद्धा चुकलंय.

अकरा घरं. सात कुलुपात.
माणसं माथाडीला, जत्रेपुरती येणारी.
कुलुपांना मात्र दर अमावस्येला तेल मिळतं,
भैरोबाचं झालं की वाटीत उरतं ते.
ठकूबाई गुरव म्हणाल्या,
"देवाला आन् कुलपाला
एकच वाटी."

देऊळ चुन्यावाचून रचलेलं,
दगडाच्या खाचेत दगड.
शिखर पडलं की कधी झालंच नाही, कुणी सांगत नाही.
त्या जागी पत्रा, पत्र्यावर माकडं.
खांबांच्या माथ्यावर कीचक, छत पेलून पेलून पोटं सुटलेले.
एकाच्या तोंडात कुणीतरी विडीचं थोटूक खोचलंय.
त्याला ते शोभतं.

अंगणात वीरगळ. मोजले: चौदा.
खाली लढाई, मधे विमानातून स्वर्ग,
वर पिंडीपुढे जोडलेले हात,
त्याच्याही वर चंद्र-सूर्य, दोघं एकाच वेळी.
कागद ओला केला, चिकटवला,
ब्रशनं ठोकत गेलो.
चौदांपैकी एकालाही तोंड नाही.
इतक्या पिढ्यांच्या तेलानं, शेंदरानं,
कपाळावरून फिरलेल्या बोटांनी
नाक पुसलं, डोळे पुसले.
माया दगडालाही झिजवते
हे आमच्या नमुना फॉर्ममध्ये लिहायला रकाना नाही.

"चौदा न्हाईत," ठकूबाई म्हणाल्या.
"पंधरा."
आणि त्यांनी पायरी दाखवली.
देवळाची नाही, त्यांच्या गोठ्याची.
"पालथा हाय. माझ्या सासऱ्यानं घातला.
गाभण गाय घसरायची चिखलात."

पहार घेऊन आम्ही चौघं:
मी, त्या, त्यांचा मुका दीर रखमाजी
आणि सात घरांच्या किल्ल्या कमरेला लावलेले शिरपतीनाना.
तीनदा निसटला.
चौथ्यांदा दगड कुशीवर वळला,
खालून गांडुळं, एक चिडलेला विंचू,
आणि बादलीभर पाण्यानंतर
एक माणूस.

भुवया. कानात भिकबाळीसारखं काहीतरी.
वरचा ओठ जरा उचललेला,
जणू कुणाचं तरी नाव घ्यायच्या बेतात.
खालच्या चौकटीत गाई, शेपट्या उंच,
एक वासरू मागे वळून बघणारं.
गाई हाकून नेणारे चौघं,
आणि हा एकटा आडवा.

कुणी बोललं नाही.
किल्ल्या वाजायच्या थांबल्या.
रखमाजीनं बोट पुढे केलं,
नाकापर्यंत नेलं,
आणि न टेकवता मागे घेतलं.

"गुरांपायीच गेला का वं ह्यो?"
मी म्हटलं, तसंच दिसतंय.
"मग बरा हुता की हितं," ठकूबाई म्हणाल्या,
"पायाखाली म्हना, पन त्यांच्याच."

ठसा घेतला. कागद वाळेपर्यंत
गुळाचा चहा, नाचणीची भाकरी, खर्डा.
आत गाय एकसारखी पाय बदलत होती.
दगड देवळात न्यावा, उभा करावा,
नियम तेच सांगतो.
"उभा केला की त्याल आलं," त्या म्हणाल्या,
"त्याल आलं की हात आला.
आन् हिचे दिस भरल्यात."

संध्याकाळी आम्ही चौघांनी
त्याला पुन्हा पालथा घातला.
रखमाजीनं खाली भाताचा पेंढा अंथरला,
कुणीही न सांगता.

वहीत लिहिलं: वीरगळ, चौदा, झिजलेले.
सही केली, तारीख घातली.

शेवटच्या एसटीत कंडक्टरनं नळीला पंच टेकवून विचारलं,
"काय हाय ह्यात?"
"माणूस," मी म्हणालो.
"एकटाच?"
"गाई आहेत बरोबर."
त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं,
एकच तिकीट फाडलं,
आणि नळीसाठी
खिडकीकडे सरकायला सांगितलं.