बर्फ

पावणे एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात
तेवीस वर्षं मी चार नंबरच्या टाकीवर होतो.
दोन पाणी. दोन्ही फिकट, एक जरा पिवळसर.
वेगवेगळी आहेत तोवर कुणाचं काही बिघडत नाही.
एकात दुसरं सोडलं
की पापणी लवायच्या आत लाल.
तापू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.
केमिस्ट वरून ओरडायचा, बर्फ टाक ज्योतिराम, बर्फ!
आणि मी लाद्या फोडून फावड्यानं टाकायचो.

आज खारघरला, खिडकीकडच्या खुर्चीत
जिन्सी सिस्टर हौसाला कागदी पेल्यातून
बर्फाचा खडा देते.
चघळत राहा म्हणते, तोंड कमी येईल.
मग सुई. लाल.
मला कुणी काही सांगायची गरज नव्हती,
रंग बघितला अन् पाय आपोआप मागं सरकला.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर मांडून दाखवलंय :
एका औषधाला आवरणार नाही, दोन लागतील,
एक लाल, एक पाण्यासारखं,
दर एकवीस दिवसांनी.
आधी तीन वेळा, मग फोटो काढून बघू.
यकृतात गेलंय. मणक्यातही एक ठिपका आहे.
बरं होईल असं त्या म्हणाल्या नाहीत,
आटोक्यात म्हणाल्या.
मी पुढं विचारलं नाही.
हौसानं विचारलं,
दिवाळीत चकलीचा सोऱ्या दाबता येईल का?
तेव्हा बाई पहिल्यांदा फाइलीतून वर बघून हसल्या.
हात दुखेल. पण दाबा.

रात्री कोपरखैरण्याला, आमच्या बैठ्या घरात
मोरीतून तिची हाक येते,
अहो, लाल झालीय.
सिस्टरनं सांगितलंच होतं, एकदोन दिवस होईल,
भिऊ नका, दोनदा पाणी सोडा.
मी बादली घेऊन दाराशी उभा राहतो.

हीच मोरी.
इथंच ती माझा युनिफॉर्म धुवायची,
पोरांच्या कपड्यांत मिसळायला नको म्हणून शेवटी, एकटा.
लाल ओघळ उंबऱ्याखालून गटारापर्यंत जायचा.
मनगटापर्यंत हात रंगलेले तिचे.
शेजारची कलावती म्हणायची, तुमच्यात बाई रोजच रंगपंचमी.
आम्ही सगळे हसायचो.
हातमोजे टाकीवरच्या माणसालाच धड मिळत नव्हते,
घरी कोण देणार?

त्यामुळं झालं का,
हे मी बाईंना विचारलंय, हौसा रक्त द्यायला गेली होती तेव्हा.
तसं ठामपणे सांगता येत नाही, म्हणाल्या.
सांगता येत नाही.
हो म्हणाल्या असत्या तर रडलो असतो,
नाही म्हणाल्या असत्या तर झोपलो असतो.

कडी निघते.
स्कार्फ खांद्यावर घसरलेला, डोकं उघडं,
भिंतीला धरून ती माझ्याकडं बघते.
जणू मी मनातलं मोठ्यानंच बोललोय.
तेवीस वर्षं तुमचं लाल मी धुतलं, म्हणते,
आता तुम्ही धुवा.
आणि हसते, तोंडातली जखम सांभाळत, अर्धंच.

मी पाणी सोडतो.
दुसऱ्यांदा सोडतो.
फरशीच्या सांध्यात थोडं राहिलंय, तिथं ब्रश लावतो.
मग ओल्या हातानंच फ्रीज उघडून
बर्फाचा ट्रे नळाखाली भरतो.
तिकडं बर्फ तेच देतात, आणि अजून एकवीस दिवस आहेत.
तरी भरतो.
न सांडता आत ठेवतो.