युरोपियम, अर्धा टक्का

मे महिना. अमरावती रोडवर सेहेचाळीस,
भट्टीत साडेपाचशे.
युरियाचा फेस उसळला, पेटला,
आणि पाच मिनिटांत मुशीत उरली
पांढरी, पोकळ भुकटी.

"येवढ्यासाठी तीन वर्सं, मॅडम?"
कूलरमध्ये पाणी ओतता ओतता डोमाजी.

काय सांगू?
एक्स-रेच्या आलेखात एक शिखर जास्तीचं,
म्हणजे अणूंच्या वस्तीत कुणीतरी अजून
भाडं न देता राहतंय.

तेवढ्यात लाइट गेली.
ड्रॉवरमधला बॅटरीवरचा अतिनील दिवा
मी सहज मुशीवर धरला
आणि ती भुकटी
आतून लाल झाली.

डोमाजींनी भीत भीत बोट लावलं.
पुन्हा लावलं.
"उजेड हाये बाप्पा, पन ऊन नाही!"

बादली तशीच हातात,
पाणी गळतंय त्यांच्या चपलेवर.