बेत

देबार्कच्या कचेरीत पावती फाडली,
माझ्या नावातलं एक अक्षर गाळून,
आणि पावतीबरोबर एक माणूस मिळाला.
नियमच आहे: बंदूकवाल्याशिवाय
सिमियनच्या डोंगरात पाऊल टाकायचं नाही.

नाव देस्ताव. वय विचारलं तर हसला.
खांद्यावर जुनी रायफल, दस्ता दोरीने आवळलेला,
अंगावर जाड पांढरी गाबी,
पायात प्लास्टिकच्या सँडल, उजवीचा पट्टा तारेने जोडलेला.
माझे बूट माझ्याहून जास्त तयारीचे.

बोलायला यिहुन होता, वाटाड्या,
पण दुसऱ्याच दिवशी त्याचा घोटा मुरगळला.
खेचरांबरोबर मागून येतो, म्हणाला.
उरलो आम्ही दोघं, आणि दोघांत मिळून शब्द एक:
इशी.
म्हणजे ठीक, बरं, चला, कळलं,
आणि बहुतेक वेळा,
कळलं नाही पण चला.

साडेतीन हजार मीटरवर श्वास
सुट्या पैशांसारखा मोजून खर्चावा लागतो.
तो मात्र चढावर गुणगुणत होता.
उतारावर गेलाडा माकडं गवत खुडत बसलेली,
छातीवर लाल चट्टा, आपसात पुटपुटत,
निंदणीला बसलेल्या बायांसारखी एका ओळीत सरकत.
एकीनेही मान वर करून पाहिलं नाही.

मग ते पठार लागलं.
गवत. मधूनच लोबेलियाचा एखादा खांब. पुन्हा गवत.
माझ्या नकाशावर तिथे फक्त हिरवा रंग.
देस्तावची चाल मंदावली.
सरळ वाट सोडून तो
नसलेल्या वळणाने डावीकडे गेला,
आणि एका जागी, उघड्या आभाळाखाली,
मान वाकवून आत शिरला.

रायफल उतरवून उजव्या हाताला टेकवायला गेला,
टेकवायला काहीच नव्हतं,
म्हणून गवतात आडवी ठेवली.

मी मागोमाग निघाले तर त्याने हात वर केला,
स्वतःच्या कपाळावर थोपटून दाखवलं:
जपून, लागेल.
मीही वाकले.

बेत, तो म्हणाला.

माझ्या भाषेत बेत म्हणजे पुढचं काही:
रविवारी थालीपिठांचा,
कुणाच्या लग्नाचा, कुठे जाण्याचा.
वाटलं, पुढचा मुक्काम विचारतोय.
मी नकाशा पसरून चेनेकवर बोट ठेवलं.
त्याने बोटाकडे पाहिलं, मग पायाखाली.
बेत, पुन्हा म्हणाला,
बहिऱ्याला सांगावं तसं, सावकाश.

गाबीच्या गाठीतून भाजलेले जव काढून
अर्धे माझ्या ओंजळीत ओतले.
खाता खाता हात गुडघ्याच्या उंचीवर धरला,
मग कमरेच्या, मग खांद्याच्या,
मग तोच हात देबार्कच्या दिशेने झटकला.
तीन मुलं, की एकच मुलगा वाढत गेलेला?
मी म्हटलं, इशी.

रात्री तंबूशी लंगडत यिहुन आला आणि मी विचारलं.
बेत म्हणजे घर, तो म्हणाला. इथे गाव होतं.
काही वर्षांपूर्वी सगळ्यांना खाली हलवलं,
पत्रे दिले, पैसेही दिले.
गवत वाढलं, माकडं वाढली, चांगलंच झालं.
चहा ढवळत राहिला बराच वेळ.
याला तर नोकरीही लागली, म्हणाला.

शेकोटीपलीकडे देस्ताव तारेने पट्टा आवळत होता.
आमच्याकडेही मोडतो बेत,
मी त्याला सांगितलं, सरळ मराठीत.
इशी, तो म्हणाला.

पण हे रात्रीचं झालं.
दुपारी, जव संपल्यावर, आम्ही उठलो तेव्हा
तो आला तसाच, मान वाकवून बाहेर पडला.
मी बाटलीचं झाकण लावत होते, लक्ष नव्हतं,
सरळ चालत निघाले
त्याच्या भिंतीतून.
त्याने पाहिलं.
इशी म्हणाला नाही.