कुसळ

महाप्याच्या लॅबमध्ये ते आलं
होमिओपॅथीच्या डबीत, कापसावर आडवं.
लांबी नऊ मिलिमीटर.
वजन लिहायला शून्यानंतर बरंच चालावं लागलं.

फादर मॅथ्यास म्हणाले, हे क्रुसाचं लाकूड.
सांतान सर म्हणाले, हे म्हणे क्रुसाचं लाकूड.
या एका 'म्हणे'वरून
बाळकुमच्या खाडीकाठी, छोट्याशा कपेलात
दोन वर्षं भांडण चाललेलं.

लाखेचा शिक्का फुटलेला,
सोबतचा लॅटिन कागद वाळवीनं वाचून संपवलेला.
सांतान सर कॉलेजात रसायन शिकवून निवृत्त,
मिस्साला दर रविवारी पहिल्या बाकावर.
म्हणायचे, देवाला खोटी पावती कशाला?
फादर म्हणायचे, मग तुमची खरी तरी कशाला?

मी ते कोमट पाण्यात मऊ केलं.
दाढीच्या पात्यानं एक काप काढला,
फुंकरीनं उडेल असा; म्हणून श्वास धरून.
भिंगाखाली मोठ्या छिद्रांची ओळ,
मग बारकी, मग पुन्हा मोठी,
आमच्या देव्हाऱ्याच्या चौकटीत असते तशी.
साग.
जेरुसलेमच्या टेकड्यांवर साग उगवत नाही.
जव्हारला उगवतो. येऊरला उगवतो.

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग फादर म्हणाले, सोपाऱ्याहून गलबतं जायची तिकडे,
त्या काळातही.
सांतान सर हसले:
म्हणजे आता क्रूस ठाणे जिल्ह्यातून गेला!
मला हसू आलं नाही.
साग गेला होता तिकडे, हे खरं आहे.
हा गेला होता का, एवढंच माहीत नाही.

वय काढता येतं, मी सांगितलं.
पण त्यासाठी जाळावं लागेल.
किती?
बहुतेक सगळंच.

दुसऱ्या दिवशी दोघांच्या आधी रेमेतीनबाय आली,
दोन रिक्षा बदलून, डबीसाठी स्वच्छ रुमाल घेऊन.
पन्नास वर्षं काच पुसणारी तीच.
साग की देवदार, विचारलं नाही.
कापलं कुठून? म्हणाली.
मागच्या बाजूनं.
बरं केलंस. पुढून मुके घेतात.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं:
जात, साग. वय, तपासलेलं नाही.
पृष्ठभागावर मेण, काजळी, खोबरेल,
आणि मीठ.
मीठ खाडीचं, समुद्राचं की माणसांचं,
यासाठी रकाना नव्हता.

भांडण अजून चालू आहे, ऐकते.
सांतान सर 'म्हणे' सोडत नाहीत,
आणि पहिला बाकही.

तो काप मात्र माझ्याकडेच राहिला,
काचेच्या दोन पट्ट्यांत, खणात.
नव्वद दिवसांनी नमुना टाकायचा असा नियम.
देवबिव मी मानत नाही, ते इथे सगळ्यांना ठाऊक.
आज एकशे बारावा दिवस.
खण उघडते, पेन घेते,
बंद करते.
डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं होतं.